जुनं, म्हातारं, थोरलं

आमच्या जिल्ह्याचं जुनं नाव काय, असं तुळजापूरच्या बसस्थानकावर दोघांना विचारलं तर दोन उत्तरं येतात. एक जण म्हणतो उस्मानाबाद, दुसरा म्हणतो धाराशिव. दोघंही बरोबर असतात. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेलं 'उस्मानाबाद' 2023 साली सरकारी कागदांवरून गेलं, म्हणून ते जुनं. 'धाराशिव' त्याच्याही आधीचं, म्हणून तेही जुनं. आणि पाटीवर नुकतंच रंगवलेलं असल्यामुळे तेच नवंही. पहिल्याच्या 'जुनं'चा अर्थ 'कालपर्यंत होतं, आज नाही' असा. दुसऱ्याच्या 'जुनं'चा अर्थ 'फार पूर्वीपासूनचं' असा. दोघं एकच शब्द बोलतात आणि वेगवेगळ्या काळांकडे बोट दाखवतात.

या पुस्तकाचं बी मात्र तुळजापुरात पडलं नाही. ते पडलं पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत, रशियन भाषेच्या अगदी सुरुवातीच्या तासांना. वहीत उतरवलेल्या शब्दांत एक विशेषण होतं, 'स्तारी'. त्यापुढे मी अर्थ लिहिला होता : जुना, म्हातारा. त्या दोन शब्दांमधल्या स्वल्पविरामापाशी मी अडलो. आमच्या घरात हे दोन शब्द कधीच एका ओळीत बसले नसते. जुनी असते ती पेटी, जुना असतो तो वाडा, जुनी असते ती ओळख. म्हातारा असतो तो माणूस, फार तर बैल. आजीला कुणी 'जुनी' म्हटलं असतं तर तिला राग आला नसता, ते काय बोलणं हेच कळलं नसतं. आणि इथे एक अख्खी भाषा दोन्ही गोष्टी एकाच शब्दानं निभावत होती.

रशियनमध्ये 'स्तारी चेलोव्येक' म्हणजे म्हातारा माणूस, 'स्तारी दोम' म्हणजे जुनं घर, 'स्तारी द्रूग' म्हणजे जुना मित्र, मग तो पंचविशीतला का असेना. 'स्तारी आद्रेस' म्हणजे आधीचा पत्ता, जिथे आता आपण राहत नाही तो. येकातेरिना राखिलिना या रशियन भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी या एका विशेषणाचा फार बारकाईनं अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीतली मला पटलेली गोष्ट अशी, की अर्थ एकट्या विशेषणात नसतो, तो समोरच्या नामाला विचारून ठरतो. बुटांपुढे तोच शब्द आला की झिजलेपण दिसतं, मित्रापुढे आला की टिकलेपण, पत्त्यापुढे आला की संपलेपण. रशियात 'जुनं नवं वर्ष' नावाचा एक सणही आहे. 1918 साली तिथली दिनदर्शिका बदलली, तेरा दिवसांचा फरक पडला, आणि जुन्या गणतीचं नवं वर्ष 14 जानेवारीला येऊ लागलं. आपल्याकडे बहुधा त्याच दिवशी संक्रांत असते. 'जुनं' आणि 'नवं' हे दोन शब्द शेजारी बसून एकमेकांना खोटं पाडत नाहीत, याचं याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

माणूस आणि वस्तू यांच्यात मराठीनं जी भिंत घातली आहे, ती एकट्या मराठीची नाही. हिंदीत 'बूढ़ा' वेगळा, 'पुराना' वेगळा. नळदुर्गच्या पुढे अक्कलकोटकडे निघालं की कानावर कानडी येऊ लागते. तिथे वस्तू 'हळे' असते आणि माणूस 'मुदुक'. तेलुगूत वस्तू 'पात', माणूस 'मुसलि'. जपानी भाषेतला वस्तूंसाठीचा 'फुरुई' हा शब्द माणसाच्या वयासाठी चालत नाही. तेव्हा आपण मराठी बोलणारे काही जगावेगळे नाही. पण या भिंतीच्या अलीकडे वस्तूंच्या अंगणात मराठीनं जितके कोपरे पाडले आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. भाकरी जुनी होत नाही, शिळी होते. वांगं आणि भेंडी जून होतात. लोणचं मुरतं. फळ पिकतं. लुगडं विटलं, विरलं की त्याचं जुनेर होतं, आणि त्या जुनेराची वाकळ शिवली की तिला पुन्हा कुणी जुनी म्हणत नाही. ती नवी वाकळ असते. गूळ आणि तांदूळ मात्र जुनेच चांगले, तिथे 'जुना' ही तारीफ आहे. 'जुना बैल' आणि 'म्हातारा बैल' हे दोन वेगळे बैल आहेत : पहिला आपल्या दावणीला आधी होता तो, दुसरा आता औताला चालत नाही तो. बाजारात बैलाचं वय वर्षांत सांगतही नाहीत. दात पाहून सांगतात : आदत, दुसा, चौसा. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला. वय मोजण्यासाठी आकडा लागतोच असं नाही, ज्याला बैलाचं तोंड उघडून बघता येतं त्याला पुरतं.

इथपर्यंत शब्दांच्या वाटण्या झाल्या. खरी गोष्ट पुढे आहे, आणि तिच्यासाठीच हे पुस्तक केलं.

'म्हातारा' हा शब्द संस्कृत 'महत्तर'पासून आला. महत्तर म्हणजे अधिक मोठा. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दानाची आज्ञा कुणाकुणाला उद्देशून आहे त्याची यादी येते. राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट यांच्या पंगतीत महत्तरही येतात. हे गावातले मान्यवर. जमीन कुणाची, शीव कुठली, हे ज्यांच्या शब्दावर ठरायचं ते. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं शेजारचं लातूर. म्हणजे ज्या मुलखात हा शब्द अधिकाराचा होता, त्याच मुलखात आज 'म्हातारं झालंय, त्याचं काय ऐकता' असं म्हणतात. अधिकाराचा शब्द असा झिजत झिजत थकव्याचा झाला. त्याच्या पोटी 'म्हातारचळ' हा शब्द जन्मला, 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण त्याला येऊन चिकटली.

रशियन 'स्तारी'नं नेमकी उलटी वाट धरली. त्याच्यापासून 'स्तारोस्ता' झाला, म्हणजे गावचा मुख्य. 'स्तारेत्स' झाला, म्हणजे मठातला वडीलधारा साधू. दस्तयेव्स्कीच्या 'करामाझव बंधू'मधला झोसिमा तो हाच. 'स्तार्शी' झाला, म्हणजे वयानं किंवा हुद्द्यानं वरचा. तिकडे म्हातारपणाच्या शब्दातून मान निघाला. इकडे मानाच्या शब्दातून म्हातारपण निघालं. आणि हे दोन भाषांपुरतं नाही. अरबी 'शेख' हा मूळचा वयस्कर माणूस. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, आणि त्याच्यावरून रोमच्या सेनेटचं नाव पडलं. फारसीत 'पीर' म्हणजे म्हातारा. मराठवाड्यात गावागावाच्या वेशीवर ज्याच्या नावानं हिरवी चादर चढते आणि ज्याला सगळ्या जातीधर्मांची माणसं नवस बोलतात, त्या पिराच्या नावाचा मुळातला अर्थ एवढाच आहे. 'बुजुर्ग' हाही फारसी शब्द. तो आपल्या गावांच्या नावात 'बुद्रुक' होऊन बसला, शेजारचं लहान गाव 'खुर्द' झालं. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द म्हणताना आपण नकळत दोन गावांना थोरलं-धाकटं म्हणत असतो.

'थोरला' हा या सगळ्यांतला माझा सर्वांत आवडता शब्द. तो 'थोर'पासून, आणि 'थोर' संस्कृत 'स्थूल'पासून. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात हा बदल नोंदलेला आहे. जाड, मग मोठा, मग वयानं मोठा, मग गुणांनी मोठा, अशा पायऱ्या तो चढला. व्युत्पत्तीचे अभ्यासक रशियन 'स्तारी'चं नातं लिथुआनियन भाषेतल्या 'जाड' अर्थाच्या शब्दाशी आणि जुन्या नॉर्स भाषेतल्या 'मोठा' अर्थाच्या शब्दाशी जोडतात, आणि ही सगळी मंडळी 'स्था' या धातूच्या कुळातली मानतात. म्हणजे पुण्याच्या वर्गात ज्या परक्या शब्दापाशी मी अडलो, तो आमच्या घरातल्या 'थोरल्या'चा लांबचा भाऊबंद होता. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं त्या दिवशी हे पुस्तक करायचं ठरलं.

'थोरला' शब्दाची ताकद अशी, की त्याला वयाच्या आकड्याशी देणंघेणं नाही. थोरले बाजीराव 1740 साली वारले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. दुसरे बाजीराव 1851 साली गेले, वय 76. तरीही थोरले ते थोरलेच. थोरले माधवराव अवघ्या 27 व्या वर्षी गेले. पवारांच्या देवास संस्थानाच्या दोन शाखांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणत, तेव्हा गादीवर बसलेल्यांपैकी वयानं कोण मोठं हा प्रश्नच नव्हता. आणि हे राजवाड्यांपुरतंच नाही. आमच्याकडे थोरली जाऊ कधी कधी धाकल्या जावेपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असते. थोरल्या भावाचं लग्न उशिरा झालं की असं होतं. तरी पाया पडायचं ते तिच्याच. 'थोरला' आणि 'धाकला' हे शब्द माणूस किती वर्षांचा हे सांगत नाहीत. तो कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर उभा आहे, हे सांगतात.

'वडील'चंही तसंच. आज तो बापाचा शब्द आहे, पण 'वडील बंधू', 'वडीलधारी माणसं' यांत त्याचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे : मोठा, आधीचा. वतनाच्या जुन्या कागदांत 'वडीलपण' हा हक्काचा शब्द आहे. पाटिलकीत थोरल्या घराण्याचा मान कोणता, धाकट्याचा कोणता, पानविडा आधी कुणाला, यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालली. त्या काळी वय ही मालमत्ता होती.

नेमक्या याच ठिकाणी तुळजापूर मला महत्त्वाचं वाटतं. हे देवीचं गाव. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून माणसांचे लोंढे पायी येतात, आणि महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांवर वयाचे किती तरी शब्द ऐकू येतात. कवड्यांची माळ घातलेल्या आराध्याला कुणी 'बाबा' म्हणतं, परडी घेतलेल्या बाईला 'माय', आधार देऊन नेलेल्या वृद्धेला 'आजी' आणि पाठीमागून रेटा आला की 'म्हाताऱ्या माणसाला जागा द्या'. तिथे उभं राहून मी एक गोष्ट बारकाईनं ऐकली आहे. समोर असताना कुणी कुणाला 'म्हातारे' म्हणत नाही. तो शब्द त्या माणसाबद्दल तिसऱ्याशी बोलताना येतो; त्याच्याशी बोलताना नातं येतं. आणि देवीबद्दल तर वयाचा शब्दच नाही. मूर्ती प्राचीन म्हणतील, देऊळ हेमाडपंती म्हणतील, पीठ पुरातन म्हणतील. देवी मात्र आई. तिला आदिमाया म्हणताना सगळ्यांच्या आधीची म्हणतात, पण वय झालेली म्हणत नाहीत. गेल्या काही वर्षांत देवळाच्या जतनाच्या कामाबद्दल गावात पुष्कळ बोललं गेलं. त्या बोलण्यात सतत येणारा 'जीर्णोद्धार' हा शब्दसुद्धा आपल्याच घरातला आहे. 'जीर्ण'चा प्राकृतात 'जुण्ण' झाला आणि 'जुण्ण'चा आपला 'जुना'. 'जरा' त्याच धातूची, आणि ग्रीकमधला म्हाताऱ्याचा 'गेरोन' हाही त्याच कुळातला.

'जीर्ण'वरून जुन्नर आठवतं, कारण त्या गावाचं नाव 'जीर्णनगर'वरून आलं असं सांगतात. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा त्वेरचा रशियन व्यापारी चौलला उतरला, पावसाळा त्यानं जुन्नरला काढला आणि पुढे बीदर, गुलबर्गा, आळंद असा बहमनी मुलखात हिंडला. आळंदच्या शेख अलाउद्दीनच्या जत्रेबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. आज चौलशेजारच्या रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. 'स्तारी' बोलणारा माणूस 'जुन्या' नावाच्या गावात पावसाळाभर राहिला, इतकंच सांगायचं आहे. त्याला आपल्या भाषेतली ही भिंत जाणवली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या विषयाकडे आजवर कोण कोण कसं पाहत आलं, हे नव्या वाचकाला थोडक्यात सांगितलं पाहिजे. पहिली वाट कोशकारांची. विल्यम केरीचा मराठी कोश 1810 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघाला, मराठी शब्द मोडीत छापून. 1829 साली शास्त्रीमंडळाचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' आला. मोल्सवर्थचा कोश 1831 साली, आणि टॉमस कँडीच्या साहाय्यानं त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 साली; सुमारे 60 हजार शब्दांची. मोल्सवर्थ आजही उघडला तर 'जून', 'जुनेर', 'जुनाट' यांच्या छटा ज्या बारकाईनं दिसतात, ती नंतर फार थोड्या ठिकाणी दिसते. 1932 ते 1938 या काळात दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सात विभागांत आला. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. त्यांची मर्यादाही सांगायला हवी : कोश शब्दाला ओळीत उभा करतो, बोलणाऱ्यापासून तोडून. 'म्हातारं' हे नपुंसकलिंग कोशात व्याकरणाची गोष्ट असते. आमच्याकडे मुलगा बापाबद्दल 'म्हातारं सकाळीच रानात गेलंय' म्हणतो, तेव्हा त्या 'रं'मध्ये माया असते. तेच वाक्य वाटणीच्या भांडणात म्हटलं तर माया नसते. हे कोशात कुठे लिहायचं?

दुसरी वाट व्युत्पत्तीची. झूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ, कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा 'मराठी व्युत्पत्तिकोश', टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश, आणि 1999 साली आलेला तुळपुळे व अॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश. जुन्या मराठीत म्हातारपणाचा शब्द कसा वागायचा हे पाहायचं असेल तर 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांच्याकडे जावं लागतं. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गीतेतल्या एका 'जरा' शब्दावर ज्ञानदेव इतके रेंगाळले आहेत, की विशीच्या आतबाहेरच्या मुलानं म्हातारपण एवढं कुठे पाहिलं, असा प्रश्न पडतो.

तिसरी वाट नात्यांची. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यातून एक गोष्ट पक्की झाली : दक्षिणेकडच्या भाषांत थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना स्वतंत्र शब्द असतात, उत्तरेत बहुधा नसतात, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहे. आमचा तालुका तर त्या पट्ट्याच्या अगदी काठावर. कानडीत 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे 'अण्णा' बापालाही म्हणतात, चुलत्यालाही आणि गावच्या कर्त्या माणसालाही. वयाचा शब्द शीव ओलांडताना नातं बदलतो, ते इथे रोज घडताना दिसतं.

चौथी वाट अर्थविचाराची, आणि ती सर्वांत नवी. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1977 साली दाखवून दिलं, की ज्या भाषांत विशेषणं अगदी मोजकी असतात तिथेसुद्धा ती ठरावीक कामांना लावलेली असतात : आकार, रंग, बरंवाईट आणि वय. नायजेरियातल्या इग्बो भाषेची आठच विशेषणं त्यांनी सांगितली. त्यांत मोठं आणि लहान, काळं आणि पांढरं, चांगलं आणि वाईट, आणि चौथी जोडी नवं आणि जुनं. बाकी सगळं ती भाषा नामांनी आणि क्रियापदांनी निभावते, पण नवं-जुनं सोडत नाही. राखिलिना यांच्यासारख्या मॉस्कोच्या अभ्यासकांचं काम याच वाटेवरचं. मराठीत या वाटेनं फार कमी चालणं झालं. आपल्याकडे विशेषण म्हटलं की विकारी की अविकारी एवढ्यावर शाळा थांबते; 'जुना-जुनी-जुनं' चालवून झालं की संपलं. हे मला मराठी अभ्यासातलं मोठं उणं वाटतं. बोलींच्या बाजूनं मात्र आशा आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठी बोलींचं जे सर्वेक्षण हाती घेतलं, त्यात नात्यांचे शब्द गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केले आहेत. ते काम प्रत्येक शाळेत ऐकवलं जावं.

वयाचा शब्द मराठीत कसा आणायचा, हा प्रश्न अनुवादकांना फार आधी भेटला होता. हेमिंग्वेच्या कोळ्याच्या कादंबरीच्या मूळ नावातच 'म्हातारा माणूस' आहे. पु. ल. देशपांडे यांनी मराठीत नाव दिलं 'एका कोळियाने'. वयाचा शब्द त्यांनी गाळला. मला ती निवड अचूक वाटते. 'म्हातारा' म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे थकलेला माणूस आला असता, आणि गोष्ट तर न थकलेल्या माणसाची आहे.

आता हे पुस्तक आजच का, ते.

आमच्या भागात माणसं वय वर्षांत सांगत नसत. 'रझाकाराच्या वेळेला मी पाळण्यात होते', 'बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालं', 'भूकंपाच्या साली धाकलं पोटात होतं'. निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 रोजी संपली, दुष्काळ 1972 चा, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. प्रत्येकाचं वय गावाच्या आठवणीला बांधलेलं होतं. आज ते आधार कार्डाला बांधलेलं आहे, आणि ज्यांचा जन्म कुठेच नोंदला नव्हता अशा कितीतरी जणांच्या कार्डावर 1 जानेवारी ही तारीख आहे. 2007 च्या कायद्यानं माणूस साठाव्या वर्षी 'ज्येष्ठ नागरिक' होतो. श्रावणबाळ योजनेच्या पगारासाठी 65 लागतात. एसटीत 65 ला अर्धं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढे मोफत प्रवास. या सवलती मोलाच्या आहेत. तुळजापूरला दर पौर्णिमेला येणाऱ्या किती तरी आजीबाई त्यांच्यामुळेच येऊ शकतात. पण त्यांच्यासोबत एक नवी भाषा आली आहे. 'ज्येष्ठ' हा शब्द आकड्यावर उभा आहे. कुणापेक्षा ज्येष्ठ, हे त्यात सांगायचंच नसतं. 'थोरली' म्हटलं की कुणीतरी धाकटं असावं लागतं. 'ज्येष्ठ नागरिक' एकटाही असू शकतो, आणि मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांत तो एकटाच असतो.

भूकंपानं आमच्या भाषेला आणखी एक शब्द दिला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं पूर्णपणे दुसरीकडे वसवली गेली. तेव्हापासून तिकडे 'जुनं गाव' म्हटलं की त्याचा अर्थ ठरलेला आहे : दगडांचे ढीग, वाढलेली बाभळ, आणि पडक्या देवळापाशी वर्षातून एकदा लावलेला दिवा. नव्या गावात जन्मलेली मुलंही 'जुन्या गावात' जातो म्हणतात, ज्या गावात ती कधी राहिलीच नाहीत. रशियन 'स्तारी आद्रेस'मधला 'आता नाही' हा अर्थ मला पुस्तकातून शिकावा लागला होता. सास्तूर-किल्लारीकडच्या पोरांना तो जन्मासोबत मिळाला.

या पुस्तकात आम्ही तीन गोष्टी करून पाहिल्या आहेत. तुळजापूर आणि आसपासच्या गावांत वयासाठी जे शब्द बोलले जातात ते जमवले, आणि ते अकारविल्हे न लावता कशाबद्दल बोलले जातात त्यानुसार लावले : माणूस, जनावर, धान्य, कापड, घर, गाव, देव, नातं. प्रत्येक शब्दाशेजारी तो कोण कुणाला म्हणतं ते लिहिलं, कारण आमच्या मते वयाच्या शब्दाचा अर्धा अर्थ तिथेच असतो. आणि जिथे जमलं तिथे कानडी, दख्खनी, तेलुगू आणि रशियन शब्दांशी त्यांची गाठ घालून दिली. रशियनचा आग्रह काही वाचकांना खटकेल. मी तो सोडला नाही. परक्या भाषेनं एका शब्दात जे गोळा केलं, ते पाहिल्यावरच आपण किती शब्दांत वाटून ठेवलं आहे हे मला दिसलं, आणि कदाचित वाचकालाही दिसेल. कागदपत्रांतले 'कदीम' (पूर्वापार), 'जईफ' (म्हातारा) यांसारखे शब्द, जे आज बोलण्यातून गेले, तेही घेतले आहेत. आपल्या पणज्यांच्या कानांना ते परके नव्हते.

हा कोश पुरा नाही. जात्यावर, शेतात, गोंधळाच्या रात्री जे शब्द निघतात, त्यांतले बरेच आमच्यापर्यंत पोहोचले नसणार. भटक्या समाजांच्या बोलींत वयाचे शब्द कसे आहेत यावर आम्ही लिहिलेलं नाही. ते काम त्या बोली बोलणाऱ्यांनीच करावं असं आम्हाला वाटतं.

म्हणून शेवटी काही पानं कोरी ठेवली आहेत. घरात जे कुणी सगळ्यांत थोरलं असेल त्याच्यापाशी बसा, त्याच्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय म्हणत ते विचारा, आणि त्या पानांवर लिहा. शब्दाशेजारी गावाचं नाव घाला. तो कुणी, कुणाला म्हटला होता, तेही घाला.